तारेपुरती वाट

तन्वीर फळी सायकलला आडवी बांधून आला,
मालवा मिलच्या चौकातून, सगळ्यांचे हॉर्न खात.
मी बोट फिरवलं आणि ओळखली:
थानं मोजायच्या टेबलाची. सागवान.
कडेला दर गजावर पितळी टिकली असायची,
भंगारवाल्याने उपटल्या, एक राहिली.

बावीस वर्षं मी विणाई खात्यात होतो.
मागांच्या खडखडाटात कान कधी गेले कळलं नाही.
आम्ही ओठ वाचायचो, हातांनी बोलायचो.
दोन बोटं म्हणजे जॉबर येतोय,
मूठ म्हणजे चहा.
मिल बंद झाली त्या दिवशी फाटकाबाहेर
मी समजलो, इंदूरच बहिरं झालं.

तो म्हणाला, काका, इथे पिकअपचा खड्डा,
इथे दुसरा, आणि मागून बटणांची खोली.
म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं? आवाज घुमायला?
नाही, तो ओठ सावकाश हलवत म्हणाला
(त्याला माझी सवय आहे),
आवाज इथे घुमतच नाही.
ही पोकळी नुसती तारांना बसायला.

हे मला पटायला एक दुपार लागली.

राउटर भाड्याचा. साचा एमडीएफचा, चार स्क्रूंनी जखडलेला.
एका फेरीत तीन मिलीमीटर, जास्त नाही,
लाकडाला आपली घाई कळते
आणि ते नेमकं कोपऱ्यात फाटतं.
पहिल्या फेरीत काळा मेणचट थर निघाला,
खळ, तेल, कुणाकुणाच्या कोपरांचा मळ.
दुसरीत पिवळं.
तिसरीत तो वास,
झाड आत्ताच पाडल्यासारखा,
मधली वर्षं कुणी गजाने मोजलीच नाहीत.

मग लांब बिट. सियागंजात तीन दुकानं फिरून मिळाला,
हातभर, सहा मिलीमीटरचा.
गळ्याकडच्या खड्ड्यातून तिरपा घालायचा,
दुसऱ्या खड्ड्यातून पुढे, बटणांच्या खोलीत काढायचा.
आत काय चाललंय कुणालाच दिसत नाही.
कोन जरा चुकला की टोक पाठीतून बाहेर.
तन्वीर म्हणाला, पलीकडे पोचलं की आवाज बदलतो.
म्हटलं, तो तू ऐक.

मी डावा तळवा फळीच्या पाठीवर ठेवला.
थरथर आधी एकसारखी,
मग जाड झाली, गाठ असणार.
बिट मागे घेतला, भुसा फुंकला, पुन्हा घातला.
आणि एकदम हाताखालचं सगळं हलकं.
तन्वीरने सांगायला तोंड उघडलं,
तोवर मी बटण सोडलं होतं.

शेवटचं भोक बारीक, ब्रिजखालून, अर्थिंगच्या तारेसाठी.
ते चुकलं. मी बोलत होतो म्हणून चुकलं.
टोक निघालं थेट टिकलीशेजारी.
सागाची काडी सरस लावून ठोकली, घासली.
दिसते. दिसू दे.
दुसरं भोक पाडताना तोंड बंद.

ही तार कशाला, मी नंतर विचारलं.
ही असली की तारांना बोट लागताच
मागची गुणगुण थांबते, तो म्हणाला.
म्हणजे अर्थ वाजवणाऱ्याच्या अंगातून जातो?
तो हसला. काहीसं तसंच, काका.

वायरिंग त्याने केलं, माझ्याच ओट्यावर,
कथिलाचे चार थेंब फरशीवर पाडून.
अँप मित्राकडे, पलासियाला.
तरी त्याला धीर कुठला. तारा चढवल्या, छेडल्या.
मला त्याची बोटं दिसली, बस.
मग मी वाकलो
आणि फळीच्या कडेला हनुवटी टेकवली,
टिकलीपाशी.

दातांत आलं.
आधी दातांत, मग कानामागच्या हाडात,
खूप लांबून, एकाच मागाचं
कुणीतरी रिकाम्या खात्यात चालू केल्यासारखं.

कुंदा दारात उभी होती.
कसं वाजतं, तिच्या ओठांनी विचारलं.
मी हनुवटी न उचलता
मूठ दाखवली.
ती आत गेली, आधण ठेवायला.